एकतिसावं पोर

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा उघडायला गेलं की आधी कुलूपच दाद देत नाही. महिनाभराच्या धुळीने किल्ली अर्ध्यात अडकते. मग शेजारच्या घरातून वाटीत थोडं खोबरेल आणायचं, दोन थेंब सोडायचे आणि वाट बघायची. दार उघडलं की आत उंदरांचा वास, तुळईला गांधीलमाश्यांचं पोळं आणि फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेला महाराष्ट्र दिन जसाच्या तसा. वरच्या कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात लिहिलेलं : पट ३४.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो सारखा लागणार आहे.

मी बरीच वर्षं केंद्रप्रमुख होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांची तालुक्यात केंद्रं पाडलेली असतात आणि एका केंद्राखाली दहा-बारा शाळा येतात. त्यातली ही एक. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, मागे डोंगर. नाव सांगत नाही, कारण सह्याद्रीच्या पायथ्याला कुठल्याही तालुक्यात अशा वीस-पंचवीस शाळा दाखवता येतील. मोठ्या शाळेचं गणित वेगळं असतं. छोट्या शाळेचं जूनमधलं गणित बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं, म्हणून ते जरा सावकाश मांडतो.

राज्यात शाळा साधारण १५ जूनला उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठवडा-पंधरवडा उशिरा. लोकांना वाटतं, तयारी जूनमध्ये सुरू होते. झाडलोट, रंगरंगोटी जूनमध्ये होते खरी, पण शाळेला काय मिळणार हे आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरलाच ठरलेलं असतं. त्या दिवशीचा पट हा सरकारी हिशेबात पक्का पट. तो सरल आणि यू-डायस या ऑनलाइन प्रणालींत भरायचा, प्रत्येक मुलाची आधार नोंदणी जुळवायची आणि मग त्या आकड्यावरून पुढच्या वर्षाची सगळी चक्रं फिरतात. शिक्षकांची पदं त्यावरून मंजूर होतात, त्याला संचमान्यता म्हणतात. अनुदान त्यावर, पुस्तकांची मागणी त्यावर. म्हणजे जूनमध्ये जी शाळा उघडते तिच्या हातात नऊ महिन्यांपूर्वीच्या शाळेचं सामान असतं.

पुस्तकांचंच बघा. पहिली ते आठवीची पुस्तकं मुलांना फुकट मिळतात. छापते बालभारती, पुण्याची, १९६७ सालापासून. तिच्या भांडारातून गठ्ठे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात येतात, तिथून केंद्रशाळेत, आणि तिथून शेवटचे सात-आठ किलोमीटर गुरुजींच्या मोटारसायकलवर, मागे दोरीने आवळून, वर फर्टिलायझरच्या पिशवीचा कागद घालून. बहुतेक वर्षी पुस्तकं वेळेत येतात, हे कबूल करायला हवं. अडचण येते ती मोजणीची. सप्टेंबरमध्ये दुसरीत आठ मुलं होती म्हणून तिसरीचे आठ संच आले. पण मध्यंतरी एक कुटुंब भिवंडीहून गावाकडे परतलं आणि तिसरीत नववं पोर आलं. मग केंद्रातल्या शाळांना फोन सुरू. कुणाकडे एक संच जादा आहे का? छोट्या शाळांमध्ये हा देवघेवीचा बाजार जुलैभर चालतो. त्या काळात नववं पोर शेजाऱ्याच्या पुस्तकात वाकून बघत असतं. २०२३ पासून दोन वर्षं पुस्तकातच वहीची कोरी पानं जोडली होती, तेव्हा तर एका पोराचं पुस्तक दुसऱ्याला देणंही जमेना, कारण पानं लिहिलेली. पुढे ती पानं बंद झाली. ते बरंच झालं.

आता पैशाकडे येऊ. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार, आणि तो शाळेच्या हातात कधीच येत नाही. तो शालार्थ प्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात जातो. त्यामुळे कागदावर एका शाळेवर लाखो रुपये खर्च झालेले दिसतात आणि प्रत्यक्षात गुरुजींच्या हातात फिनेलच्या बाटलीचे पैसे नसतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

हातात येणाऱ्या पैशाची पहिली आणि मुख्य पिशवी म्हणजे समग्र शिक्षा अभियानाचं संयुक्त शाळा अनुदान. हे अभियान २०१८ मध्ये जुन्या योजना एकत्र करून सुरू झालं. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. अनुदानाचे टप्पे ठरलेले आहेत. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० असेल तर २५,०००. पुढे २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. ही वरची मर्यादा. हातात किती पडेल ते त्या वर्षीच्या मंजुरीवर. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात खडू, हजेरीपट, वीजबिल, इंटरनेट, प्रथमोपचार पेटी, गळक्या पत्र्याची डागडुजी, नळाची तोटी.

आमच्या शाळेचा पट ३४. म्हणजे ती २५,००० च्या टप्प्यात बसते. चार मुलं गेली की १०,००० वर येते. चार मुलं गेली म्हणून छप्पर कमी गळत नाही. मे महिन्यात शाळा बंद असते तरी वीजबिलातला स्थिर आकार लागतोच, तो मुलं मोजून लागत नाही. संडास दोनच, मुलींचा एक आणि मुलांचा एक, आणि दोन्ही धुवायचेच. जिल्हा परिषदेच्या या शाळांना शिपाई नसतो, कारकूनही नसतो. मुख्याध्यापकाचं वेगळं पद शिक्षण हक्क कायद्याने १५० च्या वर पट असेल तर मिळतं. इथे दोघांतला जो ज्येष्ठ त्याच्याकडे पदभार. तोच तिसरी-चौथी शिकवणार, तोच किर्द लिहिणार आणि पहिल्या पावसात पत्र्यावर चढून डांबरही तोच लावणार.

हे २५,००० येतात कधी, हा त्याहून नाजूक प्रश्न. पूर्वी रक्कम शाळेच्या खात्यात जमा व्हायची आणि पडून राहायची. पैसा असा गावोगावच्या खात्यांत पडून राहतो म्हणून केंद्राने २०२१ मध्ये पद्धत बदलली. आता सगळा निधी राज्याच्या एका मुख्य खात्यात राहतो आणि शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य असते. शाळेला फक्त ‘लिमिट’ मिळतं, म्हणजे इतक्या रकमेपर्यंत खर्च करा, अशी परवानगी. गुरुजी ऑनलाइन बिल भरतात, मंजूर करतात, मग एक छापील आदेश निघतो. त्यावर शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या. सचिव म्हणजे मुख्याध्यापक. अध्यक्ष म्हणजे एखाद्या मुलाचे वडील किंवा आई, जे त्या दिवशी कांदा काढायला गेलेले असतात. तो कागद ठराविक दिवसांत बँकेत पोचला नाही तर बाद. शाळेत प्रिंटर नाही, म्हणून छापायला तालुक्याला जायचं, सही घ्यायला रानात जायचं आणि कागद द्यायला परत तालुक्याला.

चोरीला वाव राहू नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे आणि तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे. पण लिमिट बहुधा येतं फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, आणि ३१ मार्चला न वापरलेलं लिमिट परत जातं. खर्च मात्र जूनमध्ये असतो. कुलूप, झाडू, खडू, फिनेल, गांधीलमाश्यांचा बंदोबस्त, पताका, पहिल्या दिवसाचा गोड खाऊ, हे सगळं जूनमध्ये. म्हणून जूनची खरेदी उधारीवर होते. तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याच्या वहीत गुरुजींच्या नावावर पान असतं. मार्चमध्ये त्याच सामानाचं रीतसर कोटेशन, ठराव, बिल, साठा नोंदवहीत नोंद, उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं उरकायचं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या केंद्रातले निम्मे मुख्याध्यापक सायबर कॅफेत भेटायचे. तिथे एवढी गर्दी, की केंद्राची बैठक तिथेच घ्यावी असं मी गमतीने म्हणायचो आणि एकदा घेतलीही.

दुसरी पिशवी जिल्हा परिषदेची. जमीन महसुलावरच्या उपकरातून झेडपीचा स्वतःचा थोडा निधी जमतो, त्याला सगळे सेस म्हणतात. शिवाय सादिल, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम. शिक्षकांच्या संघटनांच्या निवेदनांत ‘थकीत सादिल’ हा मुद्दा इतकी वर्षं येतो आहे, की नवा शिक्षक तो शब्द ‘थकीत’ जोडूनच शिकतो. मोठ्या दुरुस्तीला जिल्हा वार्षिक योजना. पण जुनी खोली पाडायची तर आधी तिचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, मंजूर व्हावं लागतं. उपअभियंता बघून जाणार, प्रस्ताव जिल्ह्याला जाणार, आणि तोवर धोकादायक खोलीच्या दाराला दोरी बांधून दोन वर्ग व्हरांड्यात.

तिसरी पिशवी ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाने गावाला दिलेल्या पैशातला साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्यामुळे शाळेच्या टाकीला आणि संडासाच्या दाराला त्यातून वाट होती. अट एकच, ते काम गावाच्या विकास आराखड्यात आलेलं पाहिजे, आणि आराखडा होतो आदल्या हिवाळ्यात. जूनमध्ये दार मोडलेलं दिसलं म्हणून सरपंचाकडे गेलात तर तो म्हणणार, गुरुजी, गांधी जयंतीच्या ग्रामसभेत बोलायला पाहिजे होतं. आणि त्याचं बरोबर असतं. जो मुख्याध्यापक ग्रामसभेला बसतो त्याच्या शाळेला दार मिळतं. मी हे माझ्या सगळ्या शिक्षकांना सांगायचो, निम्मे ऐकायचे.

चौथी पिशवी लोकांची. शिक्षकांच्या बोलीत तिला शैक्षणिक उठाव म्हणतात. यात्रेला मुंबई-पुण्याची मंडळी गावात येतात, तेव्हा टीव्ही, पंखा, पाण्याचा फिल्टर पदरात पाडून घ्यायचा. पंखा देणाऱ्याचं नाव पात्यावर रंगवलं की पुढच्या यात्रेला दुसरा भाऊबंद कूलर देतो. देणगीदार दिसेल अशी वस्तू देतात. वीजबिल भरायला कुणी देणगी देत नाही, टीव्ही मात्र तीन होतात.

गणवेशाचा पैसा स्वतंत्र. मुलामागे ६०० रुपयांत दोन जोड. केंद्राच्या योजनेत सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं बसतात. उरलेल्या मुलग्यांचा खर्च २०२३ पासून राज्याने उचलला. त्याआधी एकाच बाकावर एकाला गणवेश आणि शेजारच्याला नाही, असं असायचं आणि ते पोराला समजावून सांगायची जबाबदारी बाईंची. त्याच वर्षी बूट आणि दोन जोडी मोजे यांच्यासाठी मुलामागे १७० रुपये आले. १७० रुपयांत बूट कसा येतो ते बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये शाळेच्या व्हरांड्यात सुटलेले तळवे बघावेत.

२०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड वरून खरेदी झालं आणि शिलाई बचत गटांकडे दिली. कापड फिरत फिरत आलं, मापं चुकली, कित्येक शाळांचा स्वातंत्र्यदिन जुन्याच कपड्यांत झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून पैसा पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. कागदावर हे सगळीकडेच असतं. पण गणवेशाच्या बैठकीत ते खरोखर दिसतं.

मी पाहिलेली एक बैठक. सतरंजीवर सहा-सात जणी, दारात दोन बाप्ये उभे. दुकानदाराने तीन कापडांचे तुकडे पाठवलेले. गुरुजींनी स्वस्तातला पुढे केला. एका आईने तो दोन बोटांत चोळला, मग शेजारच्या तांब्यातलं पाणी त्याच्या कोपऱ्यावर टाकलं, पिळला आणि उन्हात दगडावर ठेवून दिला. चहा होईपर्यंत कोपरा वळला होता. “गुरुजी, ह्यो एका पावसात पोटऱ्याच्या वर जाईल,” ती म्हणाली. मधला तुकडा ठरला. ३४ मुलांचे ६०० प्रमाणे २०,४०० रुपये होतात. पहिलीतल्या मुठीएवढ्या पोराला आणि चौथीतल्या दांडग्या मुलीला रक्कम तीच, त्यामुळे शिंपी सरसकट भाव धरतो आणि लहानाचं उरलेलं कापड मोठ्याला लावतो. हिशेब बसतो, पण तो शिंप्याच्या कात्रीने बसतो.

शालेय पोषण आहार, आमच्या तोंडी शापोआ. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ. ३४ मुलांचा ३ किलो ४०० ग्रॅम. तांदूळ सरकारकडून येतो. शिजवण्याचा खर्च म्हणून मे २०२५ पासून मुलामागे ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत, म्हणजे ३४ मुलं हजर असतील तर २३० रुपये ५२ पैसे. यातला मोठा वाटा डाळ, कडधान्य, तेल, मसाला अशा मालाच्या रूपाने ठेकेदार पोचवतो. भाजी आणि इंधनापुरता रोख पैसा, तोही मागाहून. आधी खर्च करून मग मागायचा. स्वयंपाक करणाऱ्या मावशी परसातला शेवगा आणतात, गुरुजी येताना बाजारातून टोमॅटो.

जूनमध्ये पहिलं काम तांदळाची कोठी उघडण्याचं. एप्रिलअखेरची शिल्लक नोंदवहीत असते, समजा ४१ किलो. कोठीत भरतात ३८. तीन किलो उंदरांनी नेले, पण नोंदवहीत उंदरांचा रकाना नाही. ते तीन किलो पुढच्या पंधरवड्यात मूठ-मूठ कमी शिजवून भरून काढायचे, नाहीतर गुरुजींनी घरून आणून टाकायचे. दोन्ही प्रकार मी पाहिलेत. पोती उन्हात पसरून मावशी किडे निवडतात. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये, आणि तेही दहा महिन्यांचं. जूनमधली ही निवडटिपण शाळा सुरू होण्याआधीची, म्हणून ती फुकट.

इथे पुन्हा पटाचा आकडा येतो. मुलं २५ पर्यंत असतील तर स्वयंपाकी एक, २६ पासून दोन. आमच्याकडे दोघी मावशी आहेत, जावा-जावा. पट २५ वर आला की दोघींतली एक घरी बसणार, आणि कोणती ते ठरवायचं समितीने.

म्हणजे छोट्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या डोक्यात तीन आकडे कायम असतात. ३१, कारण त्याखाली अनुदान निम्म्याहून कमी. २६, कारण त्याखाली एक मावशी कमी. आणि २१. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या पावणेपंधरा हजारांच्या घरात शाळा होत्या, आणि २१ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले. मुलांना बसने एका मोठ्या शाळेत न्यायचं, अशी कल्पना. पानशेत आणि तोरणमाळ इथले प्रयोग नमुन्याला दिले होते. कल्पना ऐकायला वाईट नाही. तीन पोरांच्या वर्गात मुलं एकमेकांकडून फार शिकत नाहीत, हे मी वर्गात बसून पाहिलं आहे. पण शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत मागतो, आणि आमच्या ओढ्याला जुलैत पाणी आलं की बस काय, म्हैसही पलीकडे जात नाही.

म्हणून मार्च-एप्रिलपासून गुरुजींची खरी तयारी अंगणवाडीत चालते. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण करणारी पोरं म्हणजे दाखलपात्र. सेविकेच्या वहीतून ती यादी उतरवायची, घरोघर जायचं. एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये शाळा पूर्वतयारीचा मेळावा होतो. पोरं रेषेवरून चालतात, रंग ओळखतात, बिया मोजतात आणि आयांना घरी करून घ्यायच्या कृतींच्या पट्ट्या मिळतात. मेळावा खरंच छान असतो. पण तेवढ्यातच तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात फेरी मारून गेलेली असते. त्या शाळेला टाय आहे, बस आहे, आणि फी घेते म्हणून मान आहे. गुरुजींकडे सांगायला फुकट पुस्तकं, गरम भात आणि चौथीपर्यंत भागाकार पक्का. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं आणखी वेगळी. ती जूनमध्ये पटावर असतात, दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. त्यांना आजीकडे ठेवून घ्यायचं, तर आजीलाही दोन वेळा सांगायला जावं लागतं.

१५ जूनला सकाळी प्रभातफेरी निघाली. बैलगाडीला पताका, गाडीत पहिलीची नवी आठ मुलं, त्यातलं एक सारखं रडत होतं आणि एक बैलाच्या शेपटीला हात लावू बघत होतं. दारात गुलाबाचं फूल, हातात पुस्तकं, गणवेश अजून शिंप्याकडेच. पट ३४, हजर ३१. तिघांपैकी दोघं मेंढरामागे, एक मामाच्या लग्नाला.

दुपारी खीर झाली. रांगेच्या शेवटी चार-पाच अंगणवाडीतली पोरं, थोरल्या बहिणींचा हात धरून आलेली, वाटी पुढे करून उभी. त्यांचा शिधा नसतो. मावशींनी गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी दुसरीकडे बघितलं, आणि मावशींनी वाट्या भरल्या. मग गुरुजींनी खिशातून छोटी डायरी काढली आणि त्या पोरांची नावं विचारून घेतली. यंदा चौथीत नऊ आहेत, ते पुढच्या वर्षी जाणार. पहिलीत येणारे सेविकेच्या वहीप्रमाणे सहा. चौतिसातून नऊ गेले पंचवीस, अधिक सहा, एकतीस. त्यांनी आकड्याखाली रेघ मारली, पुन्हा नावं वाचली आणि पाचव्या नावासमोर प्रश्नचिन्ह काढलं. त्याचा बाप पुण्याला खोली बघतो आहे, असं मावशींनी नुकतंच सांगितलं होतं.